फीचं डुक्कर

१

"डीन गेला," माझ्या दुकानाची जाळी धरून नेनिता म्हणाली, आणि क्षणभर मला वाटलं, शहरातल्या कॉलेजातलं कोणी मोठं माणूस वारलं. छातीवर क्रूस काढायला मी हातही उचलला होता.

"अगं नांग कोरिंग, डीन. आमचा डीन. खोपी रिकामी आहे."

माझा हात तिथेच राहिला. नांग म्हणजे ताई, आणि डीन म्हणजे नेनिता आणि एफ्रेनचं डुक्कर. नाव ठेवलं नेनिताच्या भावाने, बोयेतने. "आपल्या रोझवीला कॉलेजात प्रवेश कोण देणार? हाच देणार. मग डीन हाच," असं म्हणून त्याने पिल्लाला सलाम ठोकला होता. तेव्हापासून सगळी वस्ती त्याला डीन म्हणते. पिल्लू वाढलं, त्याचं पोट जमिनीला टेकायला लागलं, आणि नेनिता-एफ्रेनची मुलगी रोझवी बारावी झाली. शहरातल्या खासगी नर्सिंग कॉलेजात प्रवेश घ्यायची मुदत होती शुक्रवारची. गुरुवारी खाटीक यायचा होता. डीनच्या पैशांतून फीचा पहिला हप्ता जायचा होता. चार वर्षांच्या बाकीच्या फीसाठी एफ्रेन आपलं भाताचं शेत गिरणीवाल्या बाल्दोकडे गहाण टाकणार होता. सगळं ठरलेलं होतं, फक्त आता डुक्कर नव्हतं.

"कधी गेलं?"

"मिरवणुकीच्या वेळी. सान रोकेची मूर्ती चर्चमध्ये पोचवून आलो आणि बघते तर काय." नेनिताने टी-शर्टच्या बाहीने डोळे पुसले. मग नाक ओढत म्हणाली, "व्हिनेगरची एक पुडी दे. सणाचे मासे तसेच पडलेत."

बाई रडत असली तरी मासे थांबत नाहीत. मी पुडी दिली, पैसे घेतले नाहीत, आणि दुकान सुनेवर टाकून तिच्यामागे निघाले.

डुक्कर पकडताना काय होतं हे आमच्याकडे कोणालाही विचारा. पाय धरला की ते असं किंचाळतं की नदीपलीकडे कळतं, आज कोणाकडे मेजवानी आहे. शेजारची म्हातारी सेपा गुडघ्यांमुळे मिरवणुकीला गेली नव्हती. खिडकीतच बसून होती. माझ्या दुकानात कोण उधारी मागतंय ते या बाईला घरबसल्या ऐकू येतं. तिने शपथेवर सांगितलं, "हूं नाही की चूं नाही. मी जपमाळ करत होते, झोपले नव्हते."

मी खोपीचं दार पाहिलं. मोडलेलं नव्हतं. बांबूची आडकाठी जागच्या जागी, आणि वर तिला नेहमीची दोरी गुंडाळलेली.

चोर डुक्कर घेऊन गेला होता, आणि जाताना दार लावून गेला होता.

२

आमच्याकडे भांडण असो की चोरी, पोलिसांकडे जायच्या आधी गावच्या समेट मंडळापुढे येतं. मंडळात माणसं बरीच आहेत, पण डोकं एकच, मॅम पोलिंगचं. हायस्कूलात ती मुलांना पुढच्या शिक्षणाचा सल्ला द्यायची. निवृत्त झाली तरी सवय गेली नाही. रस्त्यात पोर दिसलं की दोन प्रश्न विचारणार. काय व्हायचंय? आणि पैसे कोण देणार? पहिल्या प्रश्नाला पोरं हसतात, दुसऱ्याला पळतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती छत्री टेकत आली. मी माझा संशय तयार ठेवला होता.

"बोयेत," मी म्हटलं. "कोंबड्यांच्या झुंजीवर पैसे लावतो, हरतो आणि बहिणीकडे जेवतो. डुक्कर त्याला ओळखतं, म्हणून ओरडलं नाही."

"डुक्कर ओळखीच्या माणसालाही ओरडतं, कोरिंग. पाय धरला की सख्ख्या आईलाही ओरडेल."

बोयेत अंगणात बसून आपल्या लाल कोंबड्याच्या मानेला तेल चोळत होता. आम्हाला बघून उठला नाही.

"या, पोलीस आले," तो म्हणाला. "मॅम, विचार करा. मी डीनला विकलं असतं तर ते पैसे कोंबड्यावर लावले असते. लावले असते तर हरलो असतो. मी मोठा हरलोय अशी बातमी कुठे ऐकलीत?"

"नाही," मॅम पोलिंग म्हणाली.

"बघा. माझ्या नशिबावर तरी विश्वास ठेवा."

आतून त्याच्या बायकोने तान्ह्या बाळाला खांद्यावर टाकून सांगितलं की मिरवणुकीच्या वेळी तो पलीकडच्या गावात झुंजीलाच होता, आणि अर्ध्या गावाने त्याला तिथे बघितलंय, लाज कसली ती नाहीच. मग म्हणाली, "रोझवीचं वाईट वाटतं हो. ही जन्मली तेव्हा वादळात वीज गेलेली, रस्ता बंद. मिडवाइफ एकटी आली. रोझवीने सगळा वेळ बॅटरी धरली, नाळ बांधायला मदत केली. माझी स्वतःची बहीण बाहेर ओकत होती."

मॅम पोलिंगने बाळाच्या गालाला बोट लावलं आणि विचारलं, "रोझवी घाबरली नाही?"

"घाबरली? त्या दिवसापासून दर आठवड्याला मिडवाइफच्या मागे मागे दवाखान्यात जाते."

परत येताना मॅम पोलिंगने विचारलं, "सणाला तुझ्या दुकानातून काय काय गेलं?"

"जे दरवर्षी जातं ते. कोला, नूडल्स आणि ताडी. ताडीचं तर पिंप रिकामं झालं. एफ्रेनसुद्धा मोठा कॅन भरून घेऊन गेला."

"एफ्रेन पितो?"

"छे गं. मुलगी शिकून हाताशी येईपर्यंत थेंब घेणार नाही, असा नवस आहे त्याचा. व्हिनेगर घालायला नेली म्हणाला."

ताडी मडक्यात झाकून ठेवली की काही आठवड्यांत आंबट होते, आमच्याकडे घरोघरी तेच करतात. मी ते सांगून विसरले. मॅम पोलिंग मात्र छत्रीच्या टोकाने वाळूत काहीतरी खरवडत चालत राहिली.

३

एफ्रेनच्या घरी त्याची थोरली बहीण लुदिंग बसली होती. डीनचा निम्मा हिस्सा तिचा. आमच्याकडे पिल्लू एकाने द्यायचं, पोसायचं दुसऱ्याने, आणि विकल्यावर पैसे निम्मे निम्मे करायचे. लुदिंगने पिल्लू दिलं होतं, आणि आपला हिस्साही भाचीलाच देणार असं सगळ्या गावाला सांगितलं होतं. सांगितलं म्हणजे, चारदा सांगितलं होतं.

"तुझं छप्पर गळतंय ना, लुदिंग?" मॅम पोलिंगने सरळ विचारलं.

लुदिंगचं तोंड लाल झालं. "म्हणजे मी माझंच डुक्कर चोरलं? मी हाँगकाँगला एका म्हातारीचं गू-मूत काढत वर्षं घालवली, मॅम. त्याच घरात एक नर्स यायची. माझ्यापेक्षा कमी वेळ थांबायची, आणि माझ्या कितीतरी पट पगार घ्यायची. मी तेव्हाच ठरवलं, आमच्या घरात एक तरी पांढरा गणवेश आला पाहिजे. छप्पर गळू दे."

"रोझवीला विचारलंस?"

"विचारायचं काय? पिल्लू दिलं तेव्हा म्हटलं, नर्स होशील ना? ती हो म्हणाली."

कोपऱ्यात रोझवी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. एफ्रेन दारात उभा होता, जाळं खांद्यावर. हा माणूस तसाही अबोल. त्याला कोणी काही मागितलं तर तो नाही म्हणत नाही. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणणं वाईटच, पण एफ्रेनचं प्रकरण वेगळं. शेजाऱ्याने होडी मागितली की स्वतः मासेमारीला न जाता होडी देणार.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. गिरणीवाला बाल्दो. हातात पावाची पिशवी, चेहऱ्यावर दुखवट्याचा भाव.

मी मॅम पोलिंगला कोपराने ढोसलं. मला आता खात्रीच होती. डुक्कर गेलं की एफ्रेनला हप्त्यासाठीसुद्धा बाल्दोकडेच जावं लागणार. शेत आधीच त्याच्या घशात चाललं होतं. त्याच्याकडे गहाण पडलं की मुद्दल परत होईपर्यंत तिथला भात तो पिकवतो आणि तोच खातो.

"ऐकलं मी, नेनिता," बाल्दो म्हणाला. "वाईट झालं. पण पोरीचं शिक्षण अडू द्यायचं नाही. पहिला हप्ताही मीच देतो. शेताबरोबर ती नदीकाठची नारळाची झाडं तेवढी धरू या. शुक्रवारी सकाळी मी शेतावर येतो, हद्द बघतो, तिथेच सही करून टाकू. काय, एफ्रेन?"

नेनिताने सुटकेचा श्वास सोडला. लुदिंगने वर बघून हात जोडले. मीही, खरं सांगते, त्या माणसाबद्दल वाईट विचार केला म्हणून जरा ओशाळले.

फक्त एफ्रेनचा चेहरा राखेसारखा झाला. तो भिंतीला धरून हळूच खाली बसला.

"हो, नोंग बाल्दो," तो म्हणाला, थोरल्या भावाला म्हणावं तसं.

बाहेर आल्यावर मॅम पोलिंगने छत्री उघडली. मग म्हणाली, "कोरिंग, ज्याचं फीचं डुक्कर हरवलंय त्याला कोणी फी देऊ केली, तर त्याच्या जिवात जीव यायला हवा ना?"

४

दुपारी तिने रोझवीला माझ्या दुकानात बोलावून घेतलं. मी मध्ये बोलायचं नाही, या अटीवर मला माझ्याच दुकानात बसू दिलं.

"काय व्हायचंय, इंदाय?" पोरीला लाडाने म्हणतात तसं तिने विचारलं.

"नर्स, मॅम," रोझवी म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "म्हणतात."

मॅम पोलिंगने माझी गोळ्यांची बरणी ओढली आणि काउंटरवर गोळ्या मांडायला लागली. "ही चार वर्षांची फी. ही शहरातली खोली. हा गणवेश, पुस्तकं, बस. ही शेवटी परीक्षेची शिकवणी. आता या बाजूला तुझा पगार. परदेशी रुग्णालयं नवशिक्या पोरींना घेत नाहीत, आधी इथे काम करावं लागतं. इथला पगार केवढा?"

रोझवीने न विचारता एक गोळी मॅमच्या ढिगातून उचलली, दोन तुकडे केले आणि एक तुकडा पगाराच्या बाजूला ठेवला. "घरी पाठवून, राहून, एवढा उरतो," ती म्हणाली. "यातून शेत सोडवायचं तर बाबा म्हातारे होतील. मी बघितलंय मांडून."

"कोणाला सांगितलंस?"

"कोणाला सांगू? तिया लुदिंगने पिल्लू दिलं. आई सगळ्या वस्तीला सांगत फिरली. बाबांनी नवस केला." तिने हातातला उरलेला तुकडा खाली ठेवला. "मी प्रत्येकाच्या घरचं खरकटं गोळा करून त्याला वाढवलं, मॅम. अख्ख्या वस्तीने त्याला जेवू घातलं. आता मी कोणत्या तोंडाने सांगू की मला नको?"

मला ठसका लागला. मॅम पोलिंगने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झाले.

"मग तूच लपवलंस डीनला?"

"मी गायनवृंदात होते. सगळी मिरवणूकभर पहिल्या रांगेत. विचारा कोणालाही." ती खरंच होती, मी स्वतः तिला बेसूर होताना ऐकलं होतं. "मला वाटलं, चोरी झाली म्हणजे सुटले. रात्री देवाची माफी मागितली. आणि आता बाल्दो नारळही घेणार." तिने डोळे पुसले. "त्यापेक्षा डीन परत यावा. निदान नारळ तरी राहतील."

ती गेल्यावर मी गोळ्या बरणीत भरायला लागले. अर्धी गोळी कोणाला विकायची, हा प्रश्नच होता.

"आता काय?" मी विचारलं. "चोर नाही, डुक्कर नाही, आणि जिच्यासाठी सगळं केलं तिला नकोय."

मॅम पोलिंग हात धुवायला माझ्या मागच्या अंगणात गेली. पाण्याचा आवाज थांबला, आणि ती तिथूनच शांतपणे म्हणाली, "कोरिंग, तुझी खरकट्याची बादली कोण धुतं?"

५

मी बाहेर गेले. कुंपणाच्या समुद्राकडच्या बाजूला माझी बादली टांगलेली असते. घरचं उरलंसुरलं, भाताचं पाणी, माशांची डोकी त्यात टाकायची, आणि रोझवी येऊन घेऊन जायची. सगळ्या वस्तीची अशीच सोय. त्याबदल्यात डुक्कर कापलं की प्रत्येक घरी थोडं मटण येतं. डीन गेल्यापासून बाकीच्यांनी आपापल्या बादल्या घरात नेल्या, खरकटं कोंबड्यांना टाकायला लागले. मी विसरले. काल टाकलं, आज सकाळीही टाकलं.

बादली स्वच्छ धुऊन उपडी टांगलेली होती.

"रोझवीने सवयीने नेलं असेल," मी म्हटलं.

"आत्ता तिनेच सांगितलं ना, सुटले म्हणून? डुक्करच नाही तर ती खरकटं कशाला नेईल?" मॅम पोलिंगने बादली खाली काढली. "आणि कुत्री बादली धूत नाहीत. बस जरा."

ती माझ्या पाटावर बसली आणि बोटाने हवेत काहीतरी मोजल्यासारखं करत राहिली. मी तिच्यापुढे केळ्याची भजी ठेवली, कारण विचार करणाऱ्या माणसासमोर काहीतरी ठेवावं असं मला वाटतं.

"बघ," ती म्हणाली. "डुक्कर जिवंत आहे, आणि कोणीतरी त्याला पोटभर खायला घालतंय. खाटकाला विकणारा चोर खायला घालत नाही. तुझा बोयेत नाही. लुदिंगला हिस्सा हवा असता तर नुसता मागितला असता, एफ्रेनने लगेच दिला असता. बाल्दोला डुक्कर मेलेलंच बरं, तो तुझी बादली कशाला धुवेल? म्हणजे चोराला डुक्कर नकोच होतं. मग त्याला काय हवं होतं?"

"मला काय माहीत?"

"शुक्रवार, कोरिंग. त्याला शुक्रवार निघून जायला हवा होता."

मी भजं तोंडाजवळ धरून तशीच बसले.

"शुक्रवारी काय काय होणार होतं? प्रवेशाची मुदत संपणार आणि शेत जाणार. हप्ता नाही तर प्रवेश नाही, प्रवेश नाही तर शेत गहाण टाकायचं कारण नाही. मग शनिवारी डुक्कर आपोआप सापडेल. चिखलात लोळताना. कोणाला दोष नाही, कोणाला नाही म्हणायला नको." तिने माझ्याकडे रोखून बघितलं. "आणि असा बेत कोण आखेल? ज्याला फी देऊ केल्यावर घाम फुटला, तो."

"एफ्रेन? अगं तो तर सान रोकेच्या पालखीला खांदा देत होता."

"पालखीवाले दर वळणावर बदलतात. पुढच्यांना वाटतं तो मागे आहे, मागच्यांना वाटतं पुढे आहे. मिरवणूक समुद्राकडून वळते तिथून त्याचं घर किती लांब आहे?"

हाकेच्या अंतरावर. पण मी अशी हार मानणारी बाई नाही. "आणि ओरडलं का नाही ते?"

"त्या दिवशी नेनिताने तुझ्याकडून काय घेतलं?"

"व्हिनेगर. पुडी."

"आणि एफ्रेनने?"

माझ्या हातातलं भजं पडलं. ज्या घरात व्हिनेगर घालायला माणूस एवढी ताडी नेतो, त्या घरची बाई पुडी मागायला येते, म्हणजे तिला ताडीचा पत्ताच नाही. आणि मी दोघांनाही माझ्या हाताने माल दिला होता.

"त्यांच्या स्वयंपाकघरात मी पाणी मागायला गेले होते," मॅम पोलिंग म्हणाली. "झाकलेलं मडकं कुठेच नव्हतं. ताडी डीन प्याला. झिंगलेलं डुक्कर बादलीच्या मागे मुकाट चालतं, पाय धरायची गरज नाही. आणि दार लावून जायची सवय घरच्याच माणसाला असते. चल, एफ्रेनची होडी कुठे जाते ते बघू."

६

आम्हाला फार शोधावं लागलं नाही. नदीच्या मुखाशी, खाजणाच्या पामच्या झाडीत, मासे पाळायच्या जुन्या तळ्यावरची राखणदाराची झोपडी आहे. एफ्रेनचा बांबूचा तराफा तिथे ओढून ठेवलेला होता. भरतीच्या पाण्यावर त्याने डीनला त्याच्यावर चढवून इथे आणलं होतं. आतून घोरण्याचा आवाज येत होता. बाहेर एफ्रेन सोललेलं केळीचं खोड बारीक चिरत बसला होता. आम्हाला बघून त्याने कोयता खाली ठेवला.

"मॅम," तो म्हणाला. मग मान खाली घालून रडायला लागला. मोठा माणूस रडताना बघवत नाही. मी दुसरीकडे बघत डीनच्या पाठीवरच्या माश्या हाकलल्या.

"ते शेत माझ्या बापाने दगड वेचून वेचून केलंय," तो म्हणाला. "पण पोरीच्या स्वप्नापुढे शेत काय, असं सगळेच म्हणतात. बाप होऊन मी म्हणू, की तुझं शिक्षण मला परवडत नाही? ती शेजारच्या एका नर्सचा पांढरा गणवेश घालून आरशात बघत होती, मी पाहिलं. मला वाटलं, एक वर्ष गेलं तर गेलं. तोवर मी आणखी काही करीन. आणि मग तो नारळही मागायला आला, आणि मी हो म्हणालो. मला नाही म्हणताच येत नाही, मॅम."

"हे तिला सांगितलंस?"

"तिला कसं सांगू?"

मॅम पोलिंगने छत्री झोपडीच्या भिंतीला टेकवली. "कोरिंग, जा. रोझवीला घेऊन ये. नेनिताला आण. आणि लुदिंगलाही."

पुढचं मी कितीही वेळा सांगितलं तरी मला हसू येतं आणि रडूही येतं. चौघं त्या झोपडीत, मध्ये डुक्कर, आणि प्रत्येकाला दुसऱ्याला दुखवायचं नाही. शेवटी मॅम पोलिंगनेच रोझवीला म्हटलं, "अर्धी गोळी दाखव तुझ्या बापाला."

रोझवीने सगळं सांगितलं. पगार, परीक्षा, गहाण. मग थांबली आणि म्हणाली, "मी एक परीक्षा दिली. तुम्हाला न सांगता. सरकारी कॉलेजची, मिडवाइफच्या अभ्यासाची. पलीकडच्या शहरात. फी नाही, फक्त राहायचं आणि खायचं. जागा मिळाली आहे. शुक्रवारी जाऊन हो म्हणायचंय." ती लुदिंगकडे वळली. "तिया, मला लोकांची बाळंतपणं करायचीत. इथेच. पुढे वाटलं तर माझ्या पगारातून नर्सिंग करीन. तुम्ही पिल्लू दिलंत, मी तुम्हाला कशी सांगणार?"

लुदिंगने तोंडावर हात घेतला. आता ही फुटणार, असं मला वाटलं. पण ती खाली बसली, डीनच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाली, "पोरी, चार वर्षांची फी म्हटल्यावर मला झोप लागत नव्हती. माझ्याकडे या अर्ध्या डुकराशिवाय काही नाही. मी बोलून बसले होते गं."

नेनिता एफ्रेनजवळ सरकली. तिने एफ्रेनच्या दंडावर एक ठेवून दिली, चांगली जोरात. "मी दोन दिवस रडतेय," ती म्हणाली. मग आणखी एक दिली, जरा हळू. मग त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

एफ्रेन नाक पुसत रोझवीला म्हणाला, "मी एक डुक्कर लपवलं. तू अख्खं कॉलेज लपवलंस. मोठा चोर कोण?"

सगळे हसायला लागले, आणि डीन जागा होऊन इतका जोरात ओरडला की म्हातारी सेपालाही घरी खिडकीत ऐकू गेलं.

७

गुरुवारी खाटीक आला. पैशांतून रोझवीचं वर्षभराचं राहणं-खाणं निघालं, आणि लुदिंगच्या छपरासाठी दोन पत्रेही. ते तिने घेतले नाहीत, रोझवीने सरळ सुताराला देऊन बसवायला सांगितले. मला बादलीच्या बदल्यात काळजाचा तुकडा मिळाला. मॅम पोलिंगला गोळ्यांचं बिल दिलं, तिने भरलं नाही.

शुक्रवारी पहाटेच्या जीपने नेनिता आणि रोझवी सरकारी कॉलेजला गेल्या. एफ्रेन गेला नाही. "इथे एक काम आहे," तो म्हणाला. काय ते सांगितलं नाही. तेव्हा सकाळी मी भाताची पुडी आणि कॉफी घेऊन त्याच्या शेतावर गेले, काम काय ते बघायला. मॅम पोलिंग आधीच बांधावर बसली होती, छत्री उघडून.

एफ्रेन गुडघाभर चिखलात रेडा घेऊन नांगरत होता. रस्त्यावर बाल्दोची मोटारसायकल थांबली. तो चिखल चुकवत बांधापर्यंत आला, काखेत फाइल.

"अरे, नांगरतोयस कशाला? यंदा मीच लावणार ना," तो हसत म्हणाला. "ये वर, सही करून टाक."

एफ्रेनने रेड्याला थांबवलं. कपाळावरचा घाम पुसला. त्याचे ओठ हलले, पण शब्द काही बाहेर येईना. मला तर वाटलं, गेलं शेत, हा आता हो म्हणतो. मॅम पोलिंगने माझा हात घट्ट धरला.

"नाही, नोंग बाल्दो," एफ्रेन म्हणाला.

"काय?"

"नाही," त्याने पुन्हा सांगितलं, या वेळी जरा मोठ्याने, जणू आवाज कसा येतो ते बघत होता. "माझी पोरगी मिडवाइफ होणार आहे. शेत माझ्याकडेच राहील."

मग त्याने रेड्याला हाक दिली आणि नांगर पुढे घातला. बाल्दो काखेतली फाइल तशीच घेऊन चिखल चुकवत निघून गेला. मी कॉफी ओतली. माझा जीव भांड्यात पडला होता. एफ्रेनला मी पोरवयापासून ओळखते, आणि त्याच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला होता.